नव्याने पुणेकर झालेल्यांचे प्रश्न: काय पाहावं, कधी जावं, कुठे चुकतं

नोकरी, शिक्षण किंवा बदलीमुळे पुण्यात राहायला आलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पाहुण्याला पुणं दोन दिवसांत दाखवून होतं. राहणाऱ्याचं काम मात्र स्थळांच्या यादीवर भागत नाही. त्याला वर्षाचं वेळापत्रक लागतं, कारण इथल्या बऱ्याच गोष्टी वर्षातून एकदाच होतात आणि हुकल्या की पुढच्या वर्षीच.

१. आत्ताच राहायला आलो आहोत. सुरुवात कुठून करायची?

एका रविवारी सकाळी सातच्या सुमारास मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा आणि पायी निघा. आधी ग्रामदैवत कसबा गणपती, मग लाल महाल, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, दगडूशेठ गणपती, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबागेतलं राम मंदिर आणि शेवटी मंडई. सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर होतं. परतीची मेट्रो मंडई स्थानकातून मिळते.

वेळ सकाळचीच का? तुळशीबागेतली दुकानं दहा-अकराला उघडतात आणि मग गल्लीत पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मंदिराचं शिखर आणि लाकडी सभामंडप निवांत पाहायचा तर दुकानं उघडायच्या आत. मंडईचं उलट आहे. तिची खरी लगबग सकाळीच दिसते. आठ बाजूंची ही दगडी इमारत १८८६ची, तिचं मूळ नाव रे मार्केट. शनिवारवाड्याची तिकीटखिडकी इतक्या लवकर उघडत नाही. आतून पाहायला वेगळा दिवस ठेवा (प्रश्न ४).

२. पेठा म्हणजे नेमकं काय? पत्ता सापडतच नाही.

जुनं शहर सतरा पेठांचं. सर्वांत जुनी वस्ती कसब्याची. सात पेठांना वारांची नावं आहेत. सदाशिव, नारायण, नाना, रास्ता, घोरपडे अशी बाकीची बरीचशी नावं माणसांवरून आली.

पत्ता पेठेवरून सुरू होतो आणि चौकावर येऊन थांबतो. घर क्रमांकावर विसंबू नका, खूण विचारा. खुणा म्हणजे बहुधा देव, आणि त्यांची नावं ऐकून कोणी थट्टा करतंय असं वाटेल: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. ही सगळी खरी देवळं आहेत. आणखी एक घोळ म्हणजे पाटीवरचं नाव आणि तोंडी नाव वेगळं असतं. लोकमान्य टिळक चौक म्हटलं तर रिक्षावाला क्षणभर विचार करेल, अलका टॉकीज चौक म्हटलं की लगेच मीटर टाकेल.

३. पेठांमध्ये गाडी न्यावी का?

चारचाकी नेऊ नका. दुचाकी न्यायचीच असेल तर आधी एकेरी रस्ते पाठ करा. शिवाजी रस्ता स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जातो, बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडून सारसबागेकडे येतो. वळण चुकलं की मोठा वळसा.

पार्किंगच्या पाटीवर ‘पी १’ आणि ‘पी २’ लिहिलेलं असतं. ‘पी १’च्या बाजूला विषम तारखांना गाडी लावायची, ‘पी २’च्या बाजूला सम तारखांना. नव्या माणसाची गाडी उचलली जाते ती बहुतेक वेळा यामुळेच. इतर गाड्यांच्या रांगेत नीट लावली होती हे खरं, पण तारीख पाहिलेली नसते.

मेट्रोने काम सोपं झालं आहे. शनिवारवाडा आणि लाल महालासाठी कसबा पेठ, तुळशीबाग आणि केळकर संग्रहालयासाठी मंडई, पर्वती आणि सारसबागेसाठी स्वारगेट, बालगंधर्व रंगमंदिरासाठी छत्रपती संभाजी उद्यान, आगाखान पॅलेससाठी कल्याणीनगर (तिथून पुढे रिक्षा). वनाज–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या मार्गिका सिव्हिल कोर्ट (आता जिल्हा न्यायालय) स्थानकात भेटतात. तिथे एक मार्गिका उंचावर आणि दुसरी जमिनीच्या बरीच खाली आहे. बदलायला सात-आठ मिनिटं धरून चाला.

४. शनिवारवाड्यात आत काहीच उरलेलं नाही म्हणतात. मग तिकीट काढून जावं का?

जावं, पण महाल पाहायला मिळेल या अपेक्षेने नको. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला. १८२८च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आज आहे ते तटबंदी, पाच दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. दिल्ली दरवाजातून शिरताना दारावरचे लोखंडी खिळे पाहा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेले आहेत. आत गेल्यावर वाट सरळ जात नाही, वळते. घुसलेल्या शत्रूचा वेग तिथे मोडायचा. मग नगारखान्यावर चढा आणि तटावरून फेरी मारा. वरून जोत्यांचा नकाशा उलगडतो आणि कुठे चौक होता, कुठे दिवाणखाना, हे डोळ्यांसमोर येतं. खाली उभं राहून पाहणाऱ्याला फक्त बाग दिसते आणि ‘आत काही नाही’ असं म्हणत तो बाहेर पडतो. शेवटी सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ला याच वाड्यात झाला. भुताच्या गोष्टी तिथून निघाल्या. त्यांच्यापायी रात्री दाराशी ताटकळू नका, वाडा संध्याकाळी बंद होतो.

वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. भारतीयांना तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी तट तापतो आणि सावली जवळपास नाहीच.

५. लाल महाल मूळचाच आहे का?

नाही. आजची वास्तू महापालिकेने १९८०च्या दशकात उभारली. ५ एप्रिल १६६३ला शिवाजी महाराजांनी शायिस्ताखानावर छापा घातला तो मूळ महाल याच परिसरात होता. अर्धा तास पुरतो.

६. मग खरा पेशवेकालीन वाडा पाहायचा तर कुठे?

बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा, बांधकाम १८०७चं, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलं. दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आणि सज्जा समोरच्या फुटपाथवरून नीट दिसतात. शनिवारवाड्याजवळचा नाना वाडा १७८०चा, नाना फडणविसांचा. दोन्ही ठिकाणी अधूनमधून दुरुस्ती चालू असते. आतून पाहायचं असेल तर आधी चौकशी करून जा.

गंज पेठेतला फुले वाडा या यादीत अनेकजण धरत नाहीत, तो जरूर धरा. महात्मा फुले आणि सावित्रीबाई तिथे राहिले. साधं, कौलारू, अंगणाचं घर आहे, आणि सरदारांच्या वाड्यांनंतर ते पाहिलं की पुण्याची दुसरी बाजू कळते. मुलींची शाळा १८४८मध्ये जिथे सुरू झाली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा मात्र आता उभा नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये तो पाडला, स्मारकासाठी.

७. एकच संग्रहालय पाहायचं तर कोणतं?

राजा दिनकर केळकर संग्रहालय. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे डॉ. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. संग्रह वीस हजारांवर वस्तूंचा, पण एका वेळी त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो. इथे राजेरजवाड्यांपेक्षा घर दिसतं: अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दरवाजे, वाद्यं. कोथरूडहून आणून पुन्हा जोडलेला मस्तानी महालही इथेच आहे.

अडीच तास काढून जा आणि वरच्या मजल्यापासून सुरुवात करा. बहुतेक लोक खालून सुरू करतात आणि वर पोचेपर्यंत पाय व उत्साह दोन्ही थकतात. जिने अरुंद आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी प्रश्न १५ पाहावा. फोटोसाठी वेगळे पैसे पडतात.

८. आगाखान पॅलेसला अर्धा दिवस द्यावा का?

दीड तास पुरे. इमारत १८९२ची. ९ ऑगस्ट १९४२ ते ६ मे १९४४ गांधीजी इथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ला इथेच गेल्या. मागच्या बाजूच्या समाध्यांपर्यंत न जाता परत फिरणारे पुष्कळ असतात. खरं तर तेच जायचं ठिकाण. हीसुद्धा पुरातत्त्व सर्वेक्षणाची वास्तू आहे.

९. नाटकाचं चांगलं तिकीट कसं मिळतं?

मोठी नाट्यगृहं म्हणजे जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व (उद्घाटन २६ जून १९६८), टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण. प्रयोग साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री नऊ-साडेनऊला.

जाहिरात वृत्तपत्राच्या नाट्यपानावर येते आणि तिच्यात ‘प्लॅन’, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता मांडून होणारी तिकीटविक्री, कधी उघडणार ते छापलेलं असतं. ऑनलाइन तिकिटं मिळतात, पण खिडकीवर प्लॅन समोर असतो आणि खांबाआडची किंवा अगदी कडेची खुर्ची टाळता येते. तिसरी ते आठवी रांग, मधला भाग, ही चांगली जागा. पहिल्या रांगेतून पाहिलं की मान अवघडते. खिडकी दुपारी बंद असते, सकाळी किंवा संध्याकाळी जा. तिसऱ्या घंटेनंतर अंधारात खुर्ची शोधत फिरलात तर शेजारचे प्रेक्षक काय ते सांगतीलच.

प्रायोगिक नाटकांसाठी शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच पाहा. महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३पासून चालते. भरत नाट्य मंदिरात तेव्हा होणारा आरडाओरडा हा प्रयोगाइतकाच पाहण्यासारखा.

१०. सवाईला पहिल्यांदाच जायचंय. गाण्यातलं कळत नाही, चालेल का?

चालतं. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव १९५३मध्ये पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला. तो डिसेंबरमध्ये असतो आणि गेली काही वर्षं मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. सगळ्या दिवसांचं आणि एका दिवसाचं, अशी दोन्ही तिकिटं मिळतात. खुर्च्या लवकर संपतात, भारतीय बैठक शेवटपर्यंत मिळते आणि स्वस्तही असते.

पहिल्या वर्षी एकाच दिवसाचं बैठकीचं तिकीट काढा. चटई, पाठीला उशी, शाल, कानटोपी, पाणी सोबत घ्या. दुपारी ऊन असतं म्हणून लोक पातळ कपड्यांत येतात आणि आठ वाजता कुडकुडायला लागतात. आत खाण्याचे स्टॉल असतात, गायक आलापीत असताना मात्र उठू नका. ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे बहुतेक दिवशी कार्यक्रम रात्री दहाला संपतो. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेने होते, आणि हजारो माणसं ती गप्प बसून ऐकतात.

११. पैसे न मोडता वर्षभर काय ऐकता-पाहता येईल?

वसंत व्याख्यानमालेपासून सुरुवात करा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये सुरू केलेली ही माला २१ एप्रिल ते २० मे रोज संध्याकाळी टिळक स्मारकात भरते. डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो. दिवाळी पहाटेच्या कित्येक मैफलींना तिकीट नसतं, प्रवेशिका असते. ती आठवडाभर आधी मिळवावी लागते, ऐन दिवशी दारात मिळत नाही. प्रवेशिका असली तरी पहाटे साडेपाचला जागा संपलेली असू शकते.

जानेवारीतला पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव फुकट नाही, पण नोंदणी केली की आठवडाभर चित्रपट पाहता येतात. प्रवेश रांगेने मिळतो. गाजलेल्या चित्रपटाला अर्धा तास आधी पोचा.

१२. गणपती कोणत्या दिवशी पाहावेत? विसर्जन मिरवणुकीला लहान मूल नेऊ का?

देखावे पहिल्या दिवशी बहुधा अपुरे असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पूर्ण होतात. गौरी विसर्जनानंतरची संध्याकाळ आणि शनिवार-रविवार म्हणजे सर्वाधिक गर्दी. फक्त मूर्ती पाहायच्या असतील तर कामाच्या दिवशी पहाटे पाच ते सात. रोषणाई पाहायची तर मधल्या वारी, संध्याकाळी सातच्या आत.

मानाचे पाच, क्रमाने: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. अनंत चतुर्दशीला मिरवणूक सकाळी मंडईजवळून निघते आणि लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकात येते. एकूण मिरवणूक चोवीस तासांपेक्षाही लांबते. सकाळी दहा ते दुपारपर्यंत मानाच्या गणपतींपुढची पथकं आणि रांगोळ्या पाहाव्यात. मूल सोबत असेल तर एवढंच पाहून घरी फिरा. रात्रीची गर्दी आणि आवाज मुलांसाठी नाही. कानात बोळे घालाच, ढोल-ताशाच्या दहा फुटांवर उभं राहिलात तर दुसऱ्या दिवशीही कान वाजतात. परतीचा रस्ता आधी ठरवा. लक्ष्मी रस्ता मिरवणूक चालू असताना ओलांडता येत नाही, आणि गर्दीच्या वेळी मेट्रोच्या एका स्थानकात फक्त उतरता, दुसऱ्यात फक्त चढता येईल असे नियम लागू शकतात.

पथकात वाजवायचं असेल तर नाव जून-जुलैमध्ये नोंदवा. सराव दीड-दोन महिने रोज संध्याकाळी असतो. ऑगस्टच्या शेवटी विचारणाऱ्यांना ‘पुढच्या वर्षी या’ हेच उत्तर मिळतं.

१३. पालख्या पुण्यात कधी येतात? काही द्यायचं असेल तर काय द्यावं?

आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्यात निघते आणि पुण्यात दोन रात्री मुक्काम करते. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. येण्याच्या दिवशी फर्ग्युसन रस्ता आणि लक्ष्मी रस्ता बंद असतात.

शिजवलेलं अन्न मनाने नेऊ नका. एकाच चौकात दहाजण पोहे वाटतात आणि उरलेले रस्त्यावर जातात. दिंडीच्या प्रमुखांना विचारा. बऱ्याचदा वेदनाशामक मलम, रेनकोटचं कापड, चपलेची दुरुस्ती किंवा मोबाइल चार्ज करायची सोय याची गरज जास्त असते.

१४. भाड्याच्या घरात राहतो. ग्रंथालयाचं सभासदत्व मिळेल का?

मिळतं. आधार कार्डावर जुना पत्ता असेल तर भाडेकराराची प्रत सोबत न्या. अनामत आणि मासिक वर्गणी अशी पद्धत असते, शहर सोडताना पावती दाखवून अनामत परत घेता येते, म्हणून ती जपून ठेवा. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११चं.

भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (१९१७) ही कादंबरी घरी आणायची ठिकाणं नव्हेत. तिथे अभ्यासक जातात. पण त्यांची व्याख्यानं खुली असतात.

१५. आई-बाबा सोबत आहेत, जिने चढवत नाहीत. काय जमेल?

आगाखान पॅलेस, सारसबागेतला तळ्यातला गणपती, वानवडीची शिंदे छत्री, पु. ल. देशपांडे उद्यान आणि एम्प्रेस गार्डन. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर हे आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं आणि अपुरं राहिलेलं लेणं. पाच-सात पायऱ्या उतराव्या लागतात, पण भर रस्त्याच्या कडेला इतकी शांतता दुसरीकडे नाही. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद आणि ठेंगण्या असल्या तरी कठडा धरून चढणाऱ्यांना त्रास होतोच.

१६. मुलांसाठी मॉल सोडून काय?

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, पण बुधवारी बंद. हे न पाहता गेलेल्या कुटुंबांची दर आठवड्याला फेरी फुकट जाते. पेशवे उद्यानातली फुलराणी अगदी लहानांसाठी. थोड्या मोठ्या मुलांना आयुकात (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) शाळकरी विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना न्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली होते. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत.

१७. सिंहगडावर रविवारी जाणं शहाणपणाचं आहे का?

सकाळी सहाच्या आत पायथ्याशी असाल तर हो. नऊनंतर घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि वरचा वाहनतळ भरला की खालीच थांबवतात. आतकरवाडीची पायवाट दमदार माणसाला तास-सव्वा तास, नवख्याला दोन तास. उतरताना घसरण्याचं प्रमाण जास्त, तळाला खाचा असलेले बूट घाला. पावसाळ्यात घाटात दरड पडते आणि रस्ता अचानक बंद होतो. निघण्याआधी बातमी पाहा.

वर गेल्यावर नुसतं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन परतू नका. तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक, राजाराम महाराजांची समाधी, देवटाकं आणि कल्याण दरवाजा एवढं तासाभरात होतं.

१८. सिंहगड जागतिक वारसा यादीत आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरला आहे. २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ल्यांची नोंद झाली. त्यांपैकी पुणे जिल्ह्यात तीन: शिवनेरी, लोहगड, राजगड. नवख्यांसाठी लोहगड सोपा. लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, वाटेत भाजे लेणी पाहा, पुढे पायऱ्या. शिवनेरीला जुन्नरमार्गे जायचं, पायऱ्या चांगल्या आहेत, पण १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची गर्दी असते. राजगडाला पूर्ण दिवस लागतो आणि ओल्या कातळावर तो अवघड आहे. पहिल्या पावसाळ्यात तो बेत नको.

१९. रोज फिरायला टेकडी कोणती? एकटीने जाणं सुरक्षित आहे का?

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई आणि पर्वती. सकाळी सहा ते आठ भरपूर माणसं असतात, तेव्हा एकटीने जायला हरकत नाही. अंधार पडल्यावर आणि भर दुपारी टेकडीच्या आतल्या वाटा टाळा, लुटीचे प्रकार घडलेले आहेत. कानात इअरफोन नको. उन्हाळ्यात वाळल्या गवताला वणवा लागतो, धूर दिसला तर अग्निशमन दलाला १०१वर कळवा.

२०. शनिवारवाड्यात लग्नाआधीचं फोटोशूट किंवा ड्रोन चालतो का?

स्वतःच्या मोबाइलवरचे फोटो चालतात. तिपाई, दिवे, कपडे बदलण्याचा सरंजाम किंवा व्यावसायिक छायाचित्रकार आला की पुरातत्त्व सर्वेक्षणाची आगाऊ परवानगी लागते. दारावर विनवण्या करून ती मिळत नाही. ड्रोनला मनाई आहे. पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेसलाही हेच नियम. देवळांच्या गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, आणि पाटी नसली तरी पुजारी आहेतच.